अंग गार, रिपोर्ट नॉर्मल: ऑपरेशनमधलं शरीराचं तापमान आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रक्त थांबत नाहीये आणि पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणाऱ्या दोन तपासण्या) मात्र नॉर्मल आलंय, हा पेच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अधूनमधून पडतोच. अशा वेळी रुग्णाचं तापमान किती आहे हे विचारायला सगळ्यात उशीर होतो, म्हणून हे पान. मी भूलतज्ज्ञ आहे. खालचे प्रश्न ओटीतल्या सिस्टर, लॅबचे टेक्निशियन, नवे रेसिडेंट आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून वारंवार येतात. उत्तरं प्रौढ रुग्णांना धरून दिली आहेत. एखाद्या रुग्णाचं नेमकं काय करायचं हे त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

ऑपरेशनमध्ये अंग गार का पडतं? एसीमुळे ना?

एसीचा वाटा आहे, पण पहिली घसरण एसीमुळे होत नाही. जागेपणी आपलं शरीर ऊब छाती-पोट-डोक्यात राखून ठेवतं आणि हातपाय थोडे थंड राहू देतं. भूल दिली की हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेरच्या भागांकडे वाहून जाते. त्यामुळे पहिल्या तासाभरातच आतलं तापमान एक ते दीड अंश सेल्सियसनं उतरतं. पुढचे दोन-तीन तास ते सावकाश उतरत राहतं, कारण अंग उघडं असतं, पोट उघडलेलं असतं, सलाईन गार असतं. साधारण तीन-चार तासांनी ते एका पातळीवर स्थिरावतं. एरवी दोन-चार दशांश अंशाचा फरक पडला तरी शरीर जागं होऊन थरथर सुरू करतं. भुलीखाली ते दोन ते चार अंश खाली जाईपर्यंत गप्प राहतं.

किती उतरलं म्हणजे काळजी करायची?

३६ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणायचं. ३५ खाली गेलं आणि रक्तस्राव चालू असेल तर त्याकडे लक्ष हवंच. ३३ खाली प्रकरण वेगळं होतं, ते पुढे येईल.

थंडीनं रक्त गोठण्यात नेमकं काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात आणि त्या वेगवेगळ्या तापमानाला बिघडतात.

पहिली प्लेटलेटची. रक्तवाहिनी कापली गेली की प्लेटलेट तिथे चिकटतात, जागृत होतात, थ्रोम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडतात आणि आणखी प्लेटलेटना बोलावतात. ३७ ते ३३ अंशांच्या पट्ट्यात जो बिघाड दिसतो तो मुख्यतः या चिकटण्याचा आणि गोळा होण्याचा. १९८७ साली बबून माकडांवरच्या एका अभ्यासात फक्त हाताची त्वचा थंड केली होती. तेवढ्या भागात ब्लीडिंग टाइम (छोट्या जखमेतलं रक्त थांबायला लागणारा वेळ) लांबला आणि थ्रोम्बॉक्सेन कमी झालं. तोच भाग पुन्हा उबदार केल्यावर दोन्ही पूर्ववत झाले. ही उलटून पूर्ववत होण्याची बाब फार महत्त्वाची आहे, कारण प्लेटलेट मेलेल्या नसतात, त्या थंडीनं अडलेल्या असतात.

दुसरी गोष्ट क्लॉटिंग फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची. यांतले बहुतेक फॅक्टर म्हणजे एन्झाइम, आणि एन्झाइमचा वेग तापमानावर चालतो. पौषातल्या थंडीत दही लागायला वेळ लागतो तेव्हा दूध तेच असतं आणि विरजणही तेच असतं, कमी पडते ती ऊब. इथेही फॅक्टर रक्तात पुरेसे असतात, फक्त साखळी संथ चालते. ३३ अंशांपर्यंत हा संथपणा बेताचा असतो. त्याखाली तो इतका वाढतो की, सगळे फॅक्टर जागेवर असूनही, रक्त त्यांतले निम्म्याहून कमी उरल्यासारखं वागतं.

याखेरीज थंडीत यकृत फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) कमी बनवतं, आणि थंडी खोल असेल तर काही प्लेटलेट यकृत-प्लीहेत अडकून पडल्यानं काउंटही उतरतो.

मग पीटी-एपीटीटी नॉर्मल कसं येतं?

कारण तपासणी गार रक्तावर होतच नाही.

रक्त ओटीतून निघाल्यावर त्याचं काय होतं ते पाहू. निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त बल्बमध्ये गोठत नाही. लॅबमध्ये बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये जातो, पेशी खाली बसतात आणि वरचं पिवळसर प्लाझ्मा वापरलं जातं. एपीटीटीसाठी ०.१ मिली प्लाझ्मा आणि तेवढंच रीएजंट (तपासणीचं रसायन) ३७ अंशांच्या खाचेत काही मिनिटं ठेवतात, मग कॅल्शियम क्लोराइड घालून घड्याळ सुरू करतात. पीटीमध्ये थ्रोम्बोप्लास्टिन हे रीएजंट आधीच ३७ अंशांना आणलेलं असतं. लहान लॅबमध्ये अजून वॉटरबाथ आणि काचनळी वाकवून पाहण्याची पद्धत आहे, तिथेही पाणी ३७ अंशांचंच.

म्हणजे या प्रवासात दोन गोष्टी हरवल्या. ३४ अंशांच्या रुग्णाचं प्लाझ्मा ३७ अंशांना आलं, त्यामुळे एन्झाइमांचा संथपणा गेला. आणि प्लेटलेट सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसल्या, म्हणजे सौम्य थंडीत सर्वांत जास्त बिघडणारा घटक तपासणीत आलाच नाही. रिपोर्ट खोटा नसतो. हेच प्लाझ्मा ३७ अंशांच्या शरीरात कसं वागलं असतं हे तो प्रामाणिकपणे सांगतो. टेबलावरचा रुग्ण ३७ अंशांचा नाही, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

लॅबनं मशीन रुग्णाच्या तापमानावर लावून तपासणी केली तर?

संशोधनात हे केलं गेलं आहे. १९९२ साली निरोगी माणसांचं प्लाझ्मा वेगवेगळ्या तापमानांना तपासलं गेलं. पीटी ३७ अंशांना सरासरी ११.८ सेकंद होता, ३४ ला १२.९, ३१ ला १४.२ आणि २८ ला १६.६. एपीटीटी ३६ सेकंदांवरून ३४ अंशांना ३९.४, ३१ ला ४६.१ आणि २८ ला ५७.२ सेकंदांवर गेला. प्लाझ्मा तेच, फॅक्टर तेच, बदललं फक्त तापमान.

तरीही रोजच्या कामात हे करू नये असं माझं मत आहे. लॅबची नॉर्मल मर्यादा, रीएजंटचा आयएसआय (त्याची संवेदनशीलता सांगणारा आकडा) आणि त्यावरून निघणारा आयएनआर (वेगवेगळ्या लॅबमध्ये ताडता येईल असा पीटीचा आकडा) हे सगळं ३७ अंशांवर बेतलेलं आहे. ३४ अंशांवर काढलेला आयएनआर कशाशी ताडून पाहणार? शिवाय प्लेटलेट त्यातही नसतातच.

३७ अंशांच्या रिपोर्टचा खरा उपयोग वेगळा आहे. रुग्ण गार आहे, रक्त झिरपतंय आणि ३७ अंशांचा रिपोर्ट नॉर्मल आहे, तर फॅक्टर पुरेसे आहेत आणि संशयाचा पहिला रोख तापमानावर जातो. तोच रिपोर्ट ३७ अंशांनाही लांबलेला असेल तर फॅक्टर खरोखरच कमी पडलेत, आणि रुग्णाच्या गार शरीरात परिस्थिती रिपोर्टपेक्षाही वाईट आहे. दोन्ही अर्थ कामाचे आहेत, पण शेजारी तापमानाचा आकडा असला तरच ते लागतात.

नमुना बर्फात पाठवला तर रुग्णाची स्थिती टिकेल ना?

नाही, उलट नमुना बिघडेल. थंडीत फॅक्टर सात बल्बमध्येच जागृत होऊ शकतो आणि प्लेटलेटना भिंतीला चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर घटतो. पीटी-एपीटीटीचा नमुना खोलीच्या तापमानालाच पाठवायचा, बल्ब खुणेपर्यंत भरायचा, सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढायचं नाही. अर्धवट भरलेल्या बल्बमध्ये सायट्रेट जास्त होऊन वेळ खोटाच लांबतो, आणि मग तापमानाचा घोळ त्यावर आणखी बसतो.

प्लेटलेट काउंट दीड लाख आहे. तरी प्लेटलेटना दोष द्यायचा?

हो. काउंट म्हणजे शिरगणती. त्या काम करतायत की नाही हे काउंट सांगत नाही.

टेग किंवा रोटेममध्ये तरी थंडी दिसते का?

लावलं तर दिसते, आणि तेही अर्धवट.

या तपासणीत पूर्ण रक्त वापरतात, प्लेटलेटसकट, आणि गुठळी कधी धरायला लागली, किती वेगानं घट्ट झाली, किती मजबूत झाली याचा आलेख मिळतो. मूळ पद्धत जर्मनीत हेलमुट हार्टर्ट यांनी १९४८ साली मांडली. यंत्राचा कप मुळात ३७ अंशांवरच असतो, म्हणून काही न बदलता तपासलं तर पीटीचीच गत होते. जुन्या धर्तीच्या यंत्रांत कपाचं तापमान बदलता येतं. रुग्णाच्या तापमानाला लावलं तर सुरुवातीचा वेळ लांबतो, म्हणजे टेगचा आर आणि रोटेमचा सीटी. गुठळी घट्ट होण्याचा वेगही मंदावतो आणि तो दाखवणारा आलेखातला अल्फा कोन लहान होतो. गुठळीची अंतिम मजबुती मात्र सौम्य थंडीत फारशी हलत नाही.

ती न हलण्याचं एक कारण असं की कपात रक्त जवळपास स्थिर असतं आणि ते गोठवायला जोरदार उत्तेजक घातलेलं असतं. वाहत्या रक्तात प्लेटलेट भिंतीला चिकटतात की नाही हा भाग कपात घडतच नाही. म्हणून टेगची रेघ सुंदर आली तरी ३४.५ अंशांचा रुग्ण झिरपू शकतो. एकाच नमुन्याचे दोन कप, एक ३७ ला आणि एक रुग्णाच्या तापमानाला लावणं जमत असेल तर त्यातला फरक फार बोलका असतो. तो फरक म्हणजे नुसत्या थंडीचा वाटा.

एक-दीड अंशानं रक्तस्राव खरंच वाढतो का, की पुस्तकी गोष्ट आहे?

१९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये खुब्याचा सांधा बदलण्याच्या ६० रुग्णांचा अभ्यास आला. उबदार ठेवलेल्यांचं तापमान ३६.६ होतं, दुसऱ्या गटाचं ३५. रक्तस्राव अनुक्रमे सुमारे १.७ लिटर आणि २.२ लिटर. २००८ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात सौम्य हायपोथर्मियानं रक्तस्राव साधारण १६ टक्क्यांनी आणि रक्त द्यावं लागण्याची शक्यता साधारण २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्येच चीनमधल्या बारा केंद्रांचा आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा मिळून पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाचं लक्ष्य ३७ अंश, दुसऱ्याचं ३५.५. हृदयाच्या गुंतागुंतींत फरक पडला नाही, रक्त द्यावं लागण्यातही नाही. म्हणून ३५.५ दिसल्याबरोबर घाबरायची गरज नाही. मात्र ३५.५ हा तिथे ठरवून राखलेला, नजरेखालचा आकडा होता. आपल्याकडे अनेकदा रुग्ण ३४.५ ला असतो आणि तापमानाचा प्रोबच लावलेला नसतो. माझी चिंता त्या न मोजलेल्या आकड्याची आहे.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तर मुद्दाम थंड करतात. तिथे कसं चालतं?

तिथे हेपरिन देऊन रक्त आधीच गोठू दिलेलं नसतं, आणि एसीटीवर (हेपरिनचा असर मोजणाऱ्या गोठण्याच्या वेळेवर) नजर असते. पंपावर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, जाण्याआधी एसीटी बहुतेक ठिकाणी ४८० सेकंदांच्या वर नेतात. एसीटीचं यंत्रही नमुना ३७ अंशांना आणतं. शरीर गार असताना हेपरिन सावकाश संपतं, सोबत रक्त पातळ झालेलं असतं, त्यामुळे एसीटी लांब राहतो आणि हेपरिन भरपूर आहे असं वाटत राहतं. उबदार करायला लागल्यावर हेपरिन भराभर संपू लागतं, म्हणून त्या टप्प्यात एसीटी जास्त वेळा पाहायचा.

पंपावरून उतरल्यावर आणखी एक घसरण होते. पंपानं आतले अवयव गरम केलेले असतात, पण मांड्या-हातांचे स्नायू अजून गार असतात, आणि ऊब तिकडे वळते. हेपरिनचा असर उतरवणारं प्रोटामिन देऊन झालं, एसीटी जागेवर आला आणि तरी छातीतून रक्त झिरपतंय, अशा वेळी मॉनिटरवरचं तापमान परत बघा.

अपघाताच्या रुग्णांत याचं एवढं का बोललं जातं?

कारण तिथे थंडी एकटी येत नाही. रक्त गेल्यानं पेशींना प्राणवायू पुरत नाही, रक्त आम्लधर्मी होतं. आम्लतेनं आणि थंडीनं रक्त गोठत नाही. गोठत नाही म्हणून आणखी रक्त जातं आणि अंग आणखी गार पडतं. पावसाळ्यात घाटातल्या अपघातातून भिजल्या कपड्यांत आलेला रुग्ण तर टेबलावर येण्याआधीच अर्धी वाट उतरलेला असतो. १९८७ साली अमेरिकेतल्या ७१ गंभीर जखमींच्या अभ्यासात ज्यांचं तापमान ३२ खाली गेलं त्यांतलं कोणीही वाचलं नाही.

आम्लतेचं वजन थंडीहूनही जास्त असू शकतं. जागृत फॅक्टर सातवर २००३ साली झालेल्या प्रयोगात तापमान ३७ वरून ३३ ला आणल्यावर त्याचं काम साधारण २० टक्क्यांनी घटलं, आणि पीएच ७.४ वरून ७.० ला आणल्यावर ९० टक्क्यांहून जास्त. आणि ही आम्लतासुद्धा पीटीच्या बल्बमध्ये दिसत नाही, कारण रीएजंटमधलं बफर पीएच सावरून घेतं. म्हणूनच अशा रुग्णांत सर्जन पहिल्या वेळी फक्त मोठा रक्तस्राव थांबवून, पॅक ठेवून, पोट तात्पुरतं झाकून आयसीयूत नेतात, आणि ऊब व पीएच सावरल्यावर उरलेलं काम करतात.

रिपोर्ट नॉर्मल, पण सर्जन म्हणतायत "सगळीकडून झिरपतंय". एफएफपी (रक्तातून वेगळं करून गोठवून ठेवलेलं प्लाझ्मा) लावू का?

आधी जखमेकडे बघा. एकाच जागेहून जोरात येत असेल तर ती सुटलेली वाहिनी आहे, ती बांधावी लागेल. कापलेल्या कडा, टाक्यांची भोकं, सुईच्या जागा अशा सगळीकडून पातळ रक्त येत असेल आणि गुठळ्या दिसत नसतील तर गोठण्याचा बिघाड आहे. मग तापमान, पीएच आणि आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम या तीन गोष्टी लगेच पाहा. एबीजीच्या (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या) यंत्रातून शेवटच्या दोन्ही मिनिटभरात मिळतात. पिशवीतल्या रक्तातलं सायट्रेट कॅल्शियम खातं, आणि गार यकृत ते सायट्रेट सावकाश साफ करतं.

३४ अंशांना, नॉर्मल रिपोर्टवर, एफएफपीच्या चार पिशव्या लावल्या तर आधीच पुरेसे असलेले फॅक्टर आणखी घातले जातात, आणि तेही थंडीनं तसेच संथ होतात. त्यात रक्त वॉर्मरशिवाय, म्हणजे गरम करणाऱ्या यंत्रातून न जाता, दिलं तर नुकसान दुहेरी. रक्तपेढीच्या फ्रिजमधली ४ अंशांची एक पिशवी प्रौढ माणसाचं तापमान साधारण पाव अंशानं उतरवते. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईनही तेवढंच. मात्र रक्त झपाट्यानं जात असेल, पिशव्यांमागून पिशव्या लागत असतील, तर रिपोर्टची वाट पाहत एफएफपी आणि प्लेटलेट रोखून धरू नका. ते द्या, एफएफपी वॉर्मरमधून द्या, आणि रुग्णाला गरम करणं त्याच वेळी चालू ठेवा. प्लेटलेट २२ अंशांना ठेवतात, त्या फ्रिजमध्ये टाकायच्या नाहीत.

स्पायनलमध्ये रुग्ण जागा असतो. तिथे ही भानगड नाही ना?

तिथेही आहे. कंबरेखालच्या वाहिन्या सैलावतात आणि ऊब पायांत उतरते. पाय गरम लागतात म्हणून रुग्णाला स्वतःला थंडी जाणवेलच असं नाही. सिझेरियनमध्ये हे विशेष लक्षात ठेवावं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात फायब्रिनोजेन लवकर घसरतं, त्यात आई ३५ खाली असेल तर पीटी बराच वेळ चांगला दिसत राहतो आणि हाताशी असलेला वेळ निघून जातो. सिझेरियनच्या टेबलावर तापमान मोजणं हा माझ्या दृष्टीनं आग्रहाचा विषय आहे.

मेंदू वाचवायला मुद्दाम थंड ठेवलेल्या रुग्णांना रक्तस्राव होतो का?

जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ३३.५ अंशांवर ७२ तास ठेवतात, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या प्रौढांतही तापमान बांधून ठेवतात. तिथे उघडी जखम नसते, म्हणून हा बिघाड बहुतेक वेळा निभावतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो निभावत नाही.

तापमान मोजायचं कुठे? काखेत चालेल?

रक्तस्रावाच्या रुग्णात नाही. अन्ननलिकेचा खालचा भाग किंवा नाकाच्या मागचा घसा, इथला प्रोब भरवशाचा. मूत्राशयाचा प्रोब लघवी कमी असेल तर मागे राहतो. कपाळावर लांबून धरायची गन ओटीत उपयोगाची नाही.

नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो?

ऑपरेशनच्या सकाळी रुग्णाला पातळ गाऊनवर गार कॉरिडॉरमध्ये तासभर बसावं लागत असेल तर पांघरूण मागा, संकोच करू नका. हातपाय आधीच उबदार असतील तर भूल दिल्यावर आतली ऊब कमी उतरते. वॉर्डमध्ये गरम हवेचं पांघरूण असेल तर आधी दहा ते तीस मिनिटं लावलेलं चांगलं. घरच्या गरम पाण्याच्या पिशव्या किंवा बाटल्या मात्र भूल दिलेल्या माणसाच्या अंगाला लावू नका, भाजतं आणि त्याला कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास, हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

गरम केल्यावर तपासणी पुन्हा कधी पाठवायची?

गरम हवेचं पांघरूण, गरम सलाईन आणि खोलीचा एसी कमी करणं हे सगळं एकदम केलं तरी बहुतेक वेळा तासाला एक अंशाच्या आसपासच चढतं. म्हणजे ३४ वरून ३६ ला यायला दोन तास धरा. ३६ होईपर्यंत तपासणी थांबवायची नाही. रक्तस्राव चालू असेल तर अर्ध्या-पाऊण तासानं नवा नमुना जाऊ द्या, फायब्रिनोजेनसकट. फक्त फॉर्मवर नमुना काढल्याची वेळ आणि त्या वेळचं तापमान लिहा, "३४.६, अन्ननलिका" एवढंच. लॅबनं तो आकडा रिपोर्टवर छापला तर रात्री तीनला रिपोर्ट वाचणाऱ्या रेसिडेंटला तो वेगळा शोधावा लागणार नाही.

आणि ३६ च्या वर आल्यावर, पीएच व कॅल्शियम ठीक असताना, नवा रिपोर्टही नॉर्मल असताना रक्त चालूच राहिलं, तर ड्रेनकडे बघत बसू नका, सर्जनना परत बोलवा. बांधायची राहिलेली वाहिनी असण्याची शक्यता मग सगळ्यात मोठी.